वेबकॉमिकचे जुने भाग पुन्हा काढावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे खानापूर तालुक्यातले. दिवसा बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये नोकरी, रात्री चित्रं. २०२१ पासून ते इन्स्टाग्रामवर एका आज्जीची आणि तिच्या नातवाची चित्रकथा काढतात. गावातून बेळगावला जाणारी बस, बाजार, शेत, पाऊस असं सगळं तीत येतं. आता शंभरावर भाग झालेत. सुरुवातीचे चौतीस भाग मात्र त्यांना स्वतःलाच बघवत नाहीत. हात वाकडे, चेहरे दर चौकटीत वेगळे, मागची घरं कुठल्याही गावात खपतील अशी. मित्र म्हणतात, पहिल्यापासून सगळं नव्यानं काढ. त्यातच एका प्रकाशकानं पुस्तकासाठी विचारणा केलीय. तर पुन्हा काढावं का, आणि काढायचंच झालं तर किती?

माझं उत्तर आधी सांगते. पहिला भाग पुन्हा काढा. पुढच्या तेहतीस भागांत ज्या चौकटींपाशी वाचणारा अडखळतो तेवढ्याच दुरुस्त करा. संवाद मात्र चौतीसही भागांचे नव्यानं लिहा. बाकी चित्रं आहेत तशी राहू द्यात. पुस्तकाचं गणित वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

सगळं पुन्हा काढायला मी नको का म्हणते, ते तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून बघा. चौतीस भाग, प्रत्येकात आठ चौकटी, म्हणजे २७२ चौकटी. रेषा, छटा आणि अक्षरं धरून एका चौकटीला चाळीस मिनिटं लागतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे साधारण १८१ तास झाले. शिफ्ट सांभाळून आठवड्याला दहा तास मिळत असतील तर अठरा आठवडे, चार महिन्यांहून जास्त. तेवढ्या काळात आज्जीची गोष्ट एक पाऊलही पुढं जाणार नाही. वाचक वाट बघतात, पण फार काळ बघत नाहीत. त्याहून मोठी काळजी मला तुमचीच वाटते. चार महिने जुन्याच गोष्टीत राहिलेला हात नव्या भागाकडे वळताना जड होतो. अर्धवट सुटलेल्या वेबकॉमिक मी पुष्कळ पाहिल्यात, आणि त्यांतल्या बऱ्याच 'आधी पहिले भाग नीट करून घेतो' या घोषणेनंतरच थांबल्यात. पहिले दहा-बारा भाग नवे होतात, तेवढ्यात हात आणखी सुधारलेला असतो आणि नुकताच केलेला पहिला भाग पुन्हा खटकायला लागतो. या कामाला शेवटची हद्द नाही. तुमचा हात सुधारत राहणारच, म्हणजे चार वर्षांपूर्वीचं काम तुम्हाला कायम कच्चं वाटत राहणार.

म्हणून 'मला हे बघवत नाही' एवढ्या कारणावर काम काढू नका. कारण वाचकाच्या बाजूनं सापडलं पाहिजे. चित्रामुळे गोष्ट कळत नसेल, कोण बोलतंय हे चुकत असेल, कुणाबद्दल खोटं किंवा दुखावणारं काही गेलं असेल, किंवा छपाईला चालणार नसेल, तर ते काम करण्यासारखं आहे.

थोर चित्रकारांनी जुनं काम पुन्हा काढलेलं आहेच, पण का काढलं ते बघायला हवं. टिनटिन या चित्रकथेचे सुरुवातीचे भाग तिचे बेल्जियन चित्रकार हर्जे यांनी पुढं नव्यानं काढले, हे उदाहरण तुमच्या मित्रांनी दिलंय. ते खरं आहे. पण १९४२ पासून ते काम सुरू झालं ते प्रकाशकाला सगळी पुस्तकं रंगीत आणि ६२ पानांच्या एकाच साच्यात हवी होती म्हणून. जुनी काळी-पांढरी पुस्तकं शंभरावर पानांची होती. चौकटी कापून, जुळवून, काही नव्यानं काढून ती बसवावी लागली आणि त्यासाठी मदतनीस घ्यावे लागले. 'द ब्लॅक आयलंड' ही गोष्ट तर तीनदा निघाली: १९३८ मध्ये काळी-पांढरी, १९४३ मध्ये रंगीत, आणि १९६६ मध्ये पूर्ण नव्यानं. या तिसऱ्या वेळचं कारण म्हणजे ब्रिटिश प्रकाशकानं पाठवलेली १३१ चुकांची यादी. गोष्ट ब्रिटनमध्ये घडते आणि तिथल्या वाचकाला गाड्या, गणवेश, इमारती चुकीच्या दिसत होत्या. मग हर्जे यांचे सहकारी बॉब द मूर स्वतः ब्रिटनला गेले, जागेवर रेखाटनं करून आले आणि त्यावरून नवी चित्रं झाली. तरीही जुन्या आवृत्तीतला जिवंतपणा नव्यात राहिला नाही असं मानणारे जाणकार आजही आहेत. आणि टिनटिनची सगळ्यात पहिली, १९२९ साली सुरू झालेली सोव्हिएत रशियातली गोष्ट? ती हर्जे यांनी पुन्हा काढलीच नाही. १९७३ मध्ये ती पुन्हा पुस्तकात आली तेव्हा जुन्या काळ्या-पांढऱ्या रूपातच आली.

दुसरं उदाहरण आपल्या माध्यमातलं आहे. जपानमधल्या 'वन' या टोपणनावाच्या चित्रकारानं २००९ मध्ये 'वन पंच मॅन' इंटरनेटवर सुरू केलं. चित्रं अगदी कच्ची, वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी. ती लाखो लोकांनी वाचली, कारण कुठली चौकट कुठं मोठी करायची आणि कुठं थांबायचं हे त्या माणसाला पक्कं कळत होतं. २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकारानं तीच गोष्ट नव्यानं काढायला घेतली आणि ती जगभर गेली. तरी वन यांनी आपलं मूळ कॉमिक काढून टाकलं नाही, पुढंही चालू ठेवलं. मुराता यांचं काम अप्रतिम आहे, पण ते दुसऱ्या माणसानं, पूर्ण वेळ देऊन केलेलं काम आहे. उद्यमबागेतून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसानं स्वतःच्याच गोष्टीचा मुराता व्हायला निघू नये.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'आमच्या सरांनी बघितलं तर काय म्हणतील.' ते मला महत्त्वाचं वाटलं. बेळगावची चित्रकलेची परंपरा मोठी आहे. के. बी. कुलकर्णींसारखे गुरू इथं होऊन गेले, त्यांच्या हाताखाली रवी परांजपे घडले. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, अभ्यासचित्र यांची मोजपट्टी आपल्याकडे कडक आहे, आणि असायलाच हवी. पण कॉमिकच्या चौकटीला तीच मोजपट्टी लावली की कोपराचा सांधा चुकलेला दिसतो आणि तो हात नेमका कुठं बोट दाखवतोय हे बघायचं राहून जातं. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस याच जिल्ह्यातल्या भोजचे, जन्म १९२५ चा. त्यांची चित्रं शब्दाशिवाय समजतात. त्यांतली माणसं शरीरशास्त्राच्या पुस्तकातली नाहीत. पण कोण कुणाकडे बघतंय, कुणाच्या हातात काय आहे आणि गंमत कुठं आहे, हे एका नजरेत पोचतं. तुमचे चौतीस भाग या कसोटीवर तपासा.

तपासायचं कसं, तर अगदी साधं. ज्यानं तुमची गोष्ट कधी वाचलेली नाही असा माणूस शोधा. शक्यतो चित्रकार नको. संवादाचे फुगे झाकलेली फाइल करा, ती फोनवर लावा आणि त्याला प्रत्येक भागात काय चाललंय ते सांगायला लावा. तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. तो थांबला, मागं गेला, 'हा कोण?' असं म्हणाला की ती चौकट लिहून ठेवा. नंतर फुगे दाखवून पुन्हा वाचायला द्या. आता जिथं तो चुकीचा फुगा आधी वाचेल ती जागा लिहा. तुम्ही पाठवलेले भाग मी असेच एका शेजाऱ्यांना दाखवले. वाकड्या हातांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. अडखळले ते तीन गोष्टींपाशी.

पहिली म्हणजे नातू आणि त्याचा चुलतभाऊ वेगळे ओळखू येत नाहीत. दोघांची डोकी सारखी, शर्ट सारखे. यासाठी भाग नव्यानं काढायची गरज नाही. चुलतभावाच्या शर्टावर सगळीकडे पट्टे ओढा किंवा केस सपाट काळे भरा. जुन्या फाइलवर एक लेअर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, वाढवून एका रविवारी हे उरकतं.

दुसरी गोष्ट बसची. नवव्या भागात आज्जी खिडकीशी डावीकडे बसलीय, पुढच्या चौकटीत उजवीकडे, नंतर पुन्हा डावीकडे. बघणाऱ्याची जागा न सांगता बसच्या या बाजूवरून त्या बाजूला गेली की कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. इथं मधली चौकट आडवी उलटवून बघा. पाटी किंवा अक्षरं उलटी होणार नाहीत तेवढं सांभाळा आणि पदर कुठल्या खांद्यावर गेला तेही तपासा. पदर चुकणार असेल तर मात्र ती एक चौकट नव्यानं काढा.

तिसरी गोष्ट फुग्यांची. उत्तराचा फुगा प्रश्नाच्या वर आलाय, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. फुगे हलवायला चित्राला हात लावावा लागत नाही, पण मूळ फाइलमध्ये अक्षरं वेगळ्या लेअरवर असली पाहिजेत. तुमच्या पहिल्या वीस भागांत ती चित्रातच मिसळलीत. तिथं फुग्याखालचा भाग पांढरा करून भरावा लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण कराच. पुढं भाषांतर असो, पुस्तक असो, दर वेळी तेच आडवं येणार आहे.

आता संवाद. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथं आहे. तुमच्या अलीकडच्या भागांत आज्जी म्हणते, 'काय करायलास रे? पाऊस येतोय नव्हं, आत ये की.' ही बाई मला ओळखीची आहे. सुरुवातीच्या भागांत तीच आज्जी म्हणते, 'तू काय करत आहेस? पाऊस येत आहे, आत ये.' हे बोलणं पाठ्यपुस्तकातलं आहे. तेव्हा तुम्ही पुण्या-मुंबईच्या वाचकाला बिचकून लिहीत होतात, ते वाक्यावाक्यात जाणवतं. तसंच बसमधला कंडक्टर आधी स्वच्छ मराठी बोलतो आणि साठाव्या भागानंतर 'मुंद होग्री, मुंद होग्री' (पुढं चला) असं ओरडतो. खानापूर-बेळगाव रस्त्यावर बस अशीच ऐकू येते: कंडक्टर कानडीत सांगतोय, आज्जी मराठीत उत्तर देतेय, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतंय. हे तुमच्या गोष्टीचं हाड आहे. चित्र पहिल्यापासून कच्चं असलं तरी वाचक ते सोडून देतो. माणसाची भाषा मध्येच बदलली तर ते माणूसच बदलल्यासारखं वाटतं. म्हणून चौतीस भागांचे संवाद वहीत उतरवून काढा, घरात मोठ्यानं वाचा आणि जे तोंडात बसत नाही ते बदला. शाळेतल्या बाईंचं प्रमाण मराठी मात्र तसंच ठेवा, त्या वर्गात तशाच बोलतील. कानडी वाक्याखाली अर्थ द्यायची गरज नाही. पुढच्या फुग्यातलं आज्जीचं उत्तर अर्थ सांगून जातं.

अक्षरांचंही बोलते. पहिल्या काही भागांत वेलांट्या अक्षरापासून सुटल्यात आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडलं नाही की हे होतं. तिथं प्राधान्यक्रमांतल्या (प्रेफरन्सेस) टाइपच्या विभागात ते बदलता येतं. आणि काही फॉण्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, ते आपल्या डोळ्यांना खुपतात. मराठी वळण असलेला फॉण्ट घ्या. मुक्त किंवा बालू हे फॉण्ट मोफत मिळतात आणि पुस्तकातही वापरता येतात. हाताची अक्षरं काढत असाल तर आणखी उत्तम. तुमचं अक्षर गोल आणि मोकळं आहे, आज्जीला शोभेल.

काही गोष्टींना तुम्ही चुका म्हटलंय. त्या मला चुका वाटत नाहीत. सातव्या भागात आज्जी तिकिटाच्या सुट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालते. 'आता बायकांना तिकीट नाही, हे बदलू का?' असं तुम्ही विचारलंय. कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तुमचा भाग २०२१ चा आहे. तेव्हा आज्जी कमरेच्या पिशवीतून नाणी मोजून देत होती आणि ते तुम्ही डोळ्यांनी बघून काढलंय. ते पान बदलाल तर एका काळाची नोंद पुसून टाकाल. तोंडावर मास्क असलेल्या चौकटीही तशाच राहू द्यात. उलट अठराव्या भागातल्या आठवणीत २००५ साल आहे आणि स्टँडवरच्या इंग्रजी पाटीवर आजचं नाव आहे. ते बदला. शहराचं अधिकृत नाव इंग्रजीत बेळगावी झालं ते १ नोव्हेंबर २०१४ पासून, त्याआधी इंग्रजी पाट्यांवर बेळगाम असे. कानडी पाटीवर आधीपासूनच बेळगावी होतं, तिला हात लावू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण सीमाभागात पाटीवर काय लिहिलंय ते वाचक सगळ्यात आधी बघतो. इथं अचूक असणं ही आपली जबाबदारी आहे.

आज्जीच्या कपाळाचा प्रश्न अवघड आहे. पहिल्या अकरा भागांत ती ठसठशीत कुंकू लावते, आणि पुढं आजोबा गोष्ट सुरू होण्याच्या आधीच वारलेत असं येतं. अकरा भागांतलं कुंकू पुसायला तुम्ही तयार आहात. मी म्हणते, पुसू नका. एक नवा भाग लिहा, ज्यात नातू तिला विचारतो की तू आधी लावायचीस, मग सोडलंस का. तिला काय उत्तर द्यायचं ते तिला देऊ द्यात. या एका भागातून ती जेवढी उभी राहील तेवढी अकरा भाग दुरुस्त करून राहणार नाही. जुन्या कामातली विसंगती पुष्कळदा न लिहिलेल्या भागाची जागा दाखवते. चालू गोष्टीतच हे करता येतं, म्हणून गोष्ट चालू ठेवा असं मी पुन्हा पुन्हा सांगतेय.

मग पहिला भाग पुन्हा का काढायचा? कारण त्यात गाव दिसत नाही. चित्रं कच्ची आहेत हा भाग वेगळा, पण घरांना सपाट छतं आहेत, नदीवरचा पूल सिनेमातला आहे आणि पाऊस नावापुरता आहे. हे खानापूर आहे हे वाचणाऱ्याला कळायला बारा-तेरा भाग जावे लागतात. पुढं तुम्हीच जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलांची उतरती छपरं, भिंतीला टेकवून ठेवलेली इरली असं सगळं इतकं सुरेख काढलंय की पहिला भाग दुसऱ्या कुणाचा वाटावा. मलप्रभेच्या घाटावर वही घेऊन बसा. नदी कणकुंबीत उगम पावून तुमच्या दारावरून जाते, तिच्यावरचा पूल अंदाजानं काढायची गरज नाही. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा काढा, पाण्याची पातळी आणि दगड वेगळेच दिसतात. ही रेखाटनं पुढच्या सगळ्या भागांना पुरतील.

पुन्हा काढताना जुनं पान खाली ठेवून त्यावर गिरवू नका. गिरवलं की जुन्या चुका नव्या सफाईनं उतरतात आणि रेष मरते. जुन्या भागाची अगदी अंगठ्याएवढी कच्ची मांडणी कागदावर करा: कुठली चौकट केवढी, आज्जी कुठं, फुगा कुठं. मग मूळ पान बंद करा आणि मांडणीवरून काढा. काढून झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवा आणि फक्त चेहरे बघा. जुन्या पहिल्या भागाच्या पाचव्या चौकटीत आज्जी नातवाकडे ज्या नजरेनं बघते, ती तुम्हाला आज जमेलच असं नाही. तेव्हा नाक कसं काढायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून सगळा जीव तुम्ही डोळ्यांत ओतला होता. नव्या चित्रात ती नजर उतरली नसेल तर चित्र कितीही सफाईदार असो, पुन्हा करा.

इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पोस्टमधलं चित्र बदलता येत नाही. नवं टाकायचं तर नवी पोस्ट करावी लागते, आणि जुनी काढून टाकली तर तिच्याखालचं लोकांचं बोलणंही जातं. ते घालवू नका. पहिल्या भागाखाली सौदी, दुबईत नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या मुलांनी काय काय लिहिलंय ते मी वाचलंय. जुनी पोस्ट राहू द्या. नवा पहिला भाग स्वतंत्र टाका आणि प्रोफाइलवर वर पिन करा, नवा वाचक तिथून आत येईल. वेबटूनसारख्या, फक्त चित्रकथांसाठीच्या ठिकाणी भागातलं चित्र बदलता येतं आणि तिथं वाचक पहिल्यापासूनच सुरुवात करतो. तिकडं गेलात तर दुरुस्त चौकटीच चढवा. आणि जुन्या मूळ फाइल कुठल्याही परिस्थितीत पुसायच्या नाहीत. वर्ष आणि भाग क्रमांक नावात घालून त्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

आता पुस्तक. इथं लाज, हौस सगळं बाजूला ठेवून फूटपट्टी घ्या. तुमच्या जुन्या फाइल १०८० पिक्सेल रुंद आहेत. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर त्या ३.६ इंच, म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटर रुंद छापता येतात. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच, म्हणजे चौदा सेंटिमीटर रुंद. समास सोडून चित्राला साडेअकरा सेंटिमीटर मिळतात. तुमची चौकट पूर्ण रुंदीला ताणली तर इंचाला २४० ठिपक्यांच्या आत येते आणि बारीक काळी रेष करवतीसारखी दिसायला लागते. तीच चौकट अर्ध्या रुंदीला, साडेपाच सेंटिमीटरला छापली तर इंचाला पाचशेच्या आसपास ठिपके मिळतात आणि रेष नीट उमटते. म्हणजे एका ओळीत दोन चौकटी अशी मांडणी केली तर जुनं बहुतेक काम आहे तसं छापता येईल. फक्त ज्या चौकटी पानभर मोठ्या हव्यात, गावाचा देखावा, बाजार, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, तेवढ्याच मोठ्या आकारात नव्यानं काढाव्या लागतील. पानाला सरासरी सहा चौकटी धरल्या तर २७२ चौकटींची सुमारे ४५ पानं होतात. त्यात नव्यानं काढायच्या चौकटी वीस-पंचवीस निघतील, हा माझा तुमचे भाग बघून केलेला अंदाज. वीस-पंचवीस आणि २७२ यांत केवढा फरक आहे बघा.

यासाठी इन्स्टाग्रामवरून उतरवलेली चित्रं चालणार नाहीत, ती दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस) असतात. तुमच्याकडच्या मूळ फाइल लागतील. इथून पुढं प्रत्येक नवा भाग छापायच्या दुप्पट आकारात काढा, काळी रेष वेगळ्या लेअरवर ठेवा आणि लहान करून इन्स्टाग्रामला द्या. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरतं. रात्रीच्या प्रसंगांचा तुमचा गडद निळा पडद्यावर सुंदर दिसतो, कागदावर तो चिखल होईल. छपाईच्या चार शाईंत (सीएमवायके) बदलून एक पान छापून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि रेषेचा काळा रंग फक्त काळ्या शाईचाच राहील याकडे लक्ष द्या. तो चारही शाईंत विभागला गेला आणि छपाईत कागद जरासा सरकला, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते.

पुस्तकात सुरुवातीची पानं कच्ची आणि पुढची पक्की दिसतील, त्याचं काय, असं प्रकाशक विचारतील. दिसू द्यात. आज्जीबरोबर चित्रकारही मोठा होताना वाचकाला दिसतो, आणि तुमच्यासारखा रात्री जागून काढणारा निपाणीचा किंवा चंदगडचा एखादा मुलगा ती पहिली पानं बघून वही उघडेल. प्रकाशक ऐकत नसतील तर पुस्तक चौतीसाव्या भागापुढून सुरू करायचा पर्याय द्या. आधीच्या भागांतलं जे कळायलाच हवं ते सहा-सात नव्या पानांत मांडता येईल. ती पानं आजच्या हातानं काढा, तिथं पूर्ण ताकद लावा.

कामाची पद्धत अशी ठेवा: नवा भाग प्रसिद्ध झाल्याशिवाय त्या आठवड्यात जुन्या चौकटीला हात लावायचा नाही. आधी संवाद, मग फुगे, मग अडणाऱ्या चौकटी, मग पहिला भाग. पुस्तकाच्या मोठ्या चौकटी सगळ्यात शेवटी, आणि त्याही करार हातात पडल्यावरच. करारात दोन गोष्टी लिहून घ्या. नव्यानं काढलेल्या चित्रांचे पैसे रॉयल्टीच्या बाहेर, वेगळे मिळणार की नाही. आणि जुनी व नवी दोन्ही चित्रं इंटरनेटवर ठेवण्याचा हक्क तुमच्याकडेच राहणार की नाही. हे प्रकाशकांना या आठवड्यातच विचारा. उत्तर येईपर्यंत संवादांची वही सुरू करता येईल.